गाइडला पैसे द्या, गालिच्याला नको

दिल्लीच्या खासगी ‘हाफ डे टूर’चं पत्रक एकदा शांतपणे वाचा. कुतुबमिनार, लोटस टेंपल, हुमायूनचा मकबरा, इंडिया गेट, राष्ट्रपती भवन, राजघाट, लाल किल्ला, जामा मशीद. वेळ चार तास. गाडी एसी, पाणी मोफत, गाइड त्यातच. आता मोबाइलवर नकाशा उघडा. कुतुबमिनार मेहरौलीत, पार दक्षिणेला. लाल किल्ला उत्तरेला, जुन्या शहरात. मधे पंधरा-वीस किलोमीटर आणि दिल्लीची वाहतूक. कुठंही न उतरता नुसते या टोकाचे त्या टोकाला गेलात तरी तास जातो. त्यात प्रत्येक ठिकाणी तिकीट, पिशव्यांची तपासणी, पार्किंगपासूनची पायपीट. हे गणित जमत नाही. पत्रक छापणाऱ्याला ते ठाऊक असतं, ड्रायव्हरला ठाऊक असतं, गाइडला तर चांगलंच ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते आगाऊ पैसे भरून गाडीत बसलेल्या माणसाला.

मग जमवतात कसं? निम्मी ठिकाणं काचेतून दाखवतात. ‘सर, राइट साइड में राजघाट.’ मान वळवेपर्यंत राजघाट मागे पडलेला असतो. उरलेल्या ठिकाणी दरवाजाशी उतरवतात, ‘पंधरा मिनट’ म्हणतात आणि गाडी पुढं जाऊन उभी राहते. पोरं धावत जातात, फोटो काढतात, धावत येतात. सोमवार असला तर आणखी सोपं. लाल किल्ला सोमवारी बंद, लोटस टेंपल बंद, अक्षरधाम बंद, जिथं गांधीजींची हत्या झाली ते गांधी स्मृतीही बंद. तरी सोमवारची टूर घेतात. गिऱ्हाईक गाडीत बसल्यावर त्याला कळतं की आज बाहेरूनच बघायचंय.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. ज्या टूरमध्ये लाल किल्ल्याला पंधरा मिनिटं मिळत नाहीत, तिच्यात ‘एम्पोरियम’साठी पाऊण तास हमखास असतो.

गेल्या हिवाळ्यात आई, दादा आणि वहिनीबरोबर मी अशाच एका गाडीत होतो. हुमायूनच्या मकबऱ्यात आम्हाला वीस मिनिटं मिळाली. आईचे गुडघे दुखतात. ती चबुतऱ्याच्या पायऱ्यांपाशी पोचली तेव्हा परत फिरायची वेळ झाली होती. गाडी निघाली ती लोधी रोडकडं न जाता एका गल्लीत वळली आणि तीन मजली काचेच्या इमारतीपुढं थांबली. ‘सर, सिर्फ देखने का. खरीदना जरूरी नहीं.’ दारात एक पोरगा वही घेऊन उभा. त्यानं गाडीचा नंबर लिहिला, गाइडचं नाव लिहिलं, आत किती डोकी गेली ते लिहिलं. आत चहा आला. गालिचे एकामागून एक उलगडले गेले. इंचात गाठी किती, किती महिने विणकाम, सगळं घडाघडा सांगितलं गेलं. पश्मिना अंगठीतून ओढून दाखवली, धाग्याला लायटर लावून वास घ्यायला लावला. त्या विक्रेत्यानं त्या शालीबद्दल जितकं सांगितलं, त्याच्या निम्मंही आम्हाला हुमायूनबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. वहिनीनं संकोचापोटी एक उशीचा अभ्रा घेतला. एवढा चहा प्यायल्यावर रिकाम्या हातानं उठायचं कसं, असं तिला वाटलं. त्या चहाचा हेतूच तो असतो.

मी बाहेर येऊन गाइडशी बोललो. पन्नाशीचा माणूस, इतिहासात एम. ए., गळ्यात सरकारी ओळखपत्र. त्याला म्हटलं, तुम्हाला एवढं माहीत असताना इथं का आणता? त्यानं टाळाटाळ केली नाही. टूरवाले गाइडला जे देतात त्यात घर चालत नाही, मे-जूनमध्ये तर कामच नसतं, आणि शोरूमला नेलं नाही तर पुढच्या वेळी बोलावत नाहीत. ‘आप जैसे लोग गाइड का रेट पूछते ही नहीं, सर. गाड़ी का पूछते हैं.’

हे खरं आहे. आपण फोनवर विचारतो ते इनोव्हा की डिझायर, एसी चालू ठेवणार ना, टोल कोणाचा, पार्किंग कोणाचं. गाइड हा विषय शेवटी येतो, आणि तोही ‘गाइड नको, गूगल आहे’ अशा शब्दांत. गाइड घेतलाच तर त्याच्या मानधनात घासाघीस करतो. ज्याचं डोकं विकत घ्यायला हवं त्याला आपण कमीत कमी देतो आणि चाकांना जास्तीत जास्त. मग तो माणूस आपलं पोट गालिच्यावर भरतो. पैसे शेवटी आपल्याच खिशातून जातात, शालीच्या किमतीत मिसळून, आणि वर पाऊण तासही जातो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. खासगी टूर घ्या, जरूर घ्या, पण ती गाइडची घ्या. गाडी दुय्यम. चार तास असतील तर ठिकाणं दोन, फार तर तीन, आणि तीही एकमेकांना लागून असलेली.

चांगला गाइड म्हणजे काय, याचं एक उदाहरण सांगतो. कर्तव्यपथावर इंडिया गेटकडून राष्ट्रपती भवनाकडं तोंड करून उभे राहा. लांबून ते भवन भव्य दिसतं, खांबांसकट. आता त्याच्याकडं चालत निघा. कुठलीही मोठी इमारत जवळ गेलं की वाढते. ही लहान होत जाते. विजय चौकापाशी पोचेपर्यंत खालचे खांब जमिनीत गेल्यासारखे दिसेनासे होतात आणि चढाच्या माथ्यावर नुसता घुमट उरतो. मकबऱ्यातून शोरूममध्ये नेणारा तोच गाइड, मी त्याच्याशी बोललो त्यानंतर, आम्हाला गाडीतून उतरवून हे दाखवायला घेऊन गेला. चालता चालता थांबायचा, म्हणायचा, ‘अब गिनिए, कितने खंभे दिखते हैं.’ दादा मोजायचा. पुढच्या थांब्याला त्यातले काही गायब. तिथं उभं राहून त्यानं भांडण सांगितलं. नव्या दिल्लीचे दोन वास्तुकार, एडविन लुट्येन्स आणि हर्बर्ट बेकर. भवन लुट्येन्सचं, दोन्ही बाजूंचे नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक बेकरचे. बेकरला आपल्या इमारती रायसीनाच्या टेकडीवर भवनाच्या बरोबरीनं हव्या होत्या. त्यासाठी भवन मागं सरकलं आणि पुढं रस्त्याचा चढ आला. लुट्येन्सनं आराखडा आधी मान्य केला होता. चढामुळं आपलं भवन झाकलं जाणार हे लक्षात आल्यावर तो भांडला, वरपर्यंत गेला आणि हरला. दोघांची मैत्री तुटली. ३४० खोल्यांचं ते भवन आजही रोज त्या चढामागं बुडतं आणि लाखो लोक त्याच्यापुढं फोटो काढून जातात, कुणाच्या लक्षात येत नाही. हे सगळं अर्ध्या तासात झालं. ना तिकीट, ना रांग. आईसुद्धा हळूहळू चालत आली आणि तिनंच पहिल्यांदा म्हटलं, ‘अरे, खरंच खाली गेलं की!’

तो अर्धा तास त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा होता, आणि तो पत्रकात नव्हता.

राजधानी कशी झाली हेही त्यानं तिथंच सांगितलं. १२ डिसेंबर १९११ ला दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जनं राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा केली, तिथंच उत्तर दिल्लीत कोनशिलाही बसवली. पुढं ती जागा सोडून शहर दक्षिणेला रायसीनावर आणलं. १९३१ च्या फेब्रुवारीत नव्या दिल्लीचं उद्घाटन झालं. सोळा वर्षांनी ते बांधणारे निघून गेले. इंडिया गेटमागच्या छत्रीत जॉर्जचा पुतळा होता, तो १९६८ मध्ये तिथून हलवून दरबाराच्याच जागेवर, कोरोनेशन पार्कात नेला. छत्री कित्येक वर्षं रिकामी होती. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथं नेताजी सुभाषचंद्र बोस आले. ही एक छत्री नीट समजली तर आपल्या देशाची शंभर वर्षं समजतात. काचेतून ती दोन सेकंद दिसते.

इंडिया गेट तर आपण सेल्फीसाठीच राखून ठेवलंय. ४२ मीटर उंचीची ती कमान पहिल्या महायुद्धात आणि १९१९ च्या अफगाण युद्धात मेलेल्या हिंदी सैनिकांची आहे. तिच्यावर तेरा हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. मराठा पलटणी त्या युद्धात मेसोपोटेमियात, आजच्या इराकात लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या, उपासमारीनं खंगल्या. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी, जिथं घरटी सैनिक निघतो, त्या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत. आपल्याकडच्या माणसानं इंडिया गेटपाशी उभं राहून हे ऐकायला नको?

पलीकडंच, चालत पाच मिनिटांवर, २५ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झालेलं राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. प्रवेशाला पैसे नाहीत. गोलाकार भिंतींवर ग्रॅनाइटच्या विटा आणि प्रत्येक विटेवर एक नाव, हुद्दा, पलटण. पंचवीस हजारांहून अधिक नावं. आम्ही गेलो तेव्हा पांढऱ्या टोपीतले एक आजोबा नातवाचा हात धरून विटांच्या ओळीवर बोट फिरवत चालले होते. त्यांच्या टूरचा माणूस टोकाला उभा राहून ‘चलिए बाबाजी, लेट हो रहा है’ करत होता. आजोबांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्यांना नाव सापडलं की नाही हे मला कळलं नाही, पण त्या माणसाला लेट कशासाठी होत होता ते मला पक्कं माहीत आहे. पुढं गालिचे वाट बघत होते.

वाईट गाइडचीही एक परीक्षा आहे. कुतुबमिनारच्या आवारातल्या लोहस्तंभापाशी त्याला विचारा, हा गंजत का नाही? ‘सात धातूंचं मिश्रण’, ‘ऋषींचं रसायन’, ‘आजतक कोई साइंटिस्ट बता नहीं सका’ असलं काही सांगितलं तर ओळखा की याला आपल्याला शिकवायचं नाही, रिझवायचंय. सहा टनांहून जड असा तो चौथ्या-पाचव्या शतकातला खांब जवळजवळ शुद्ध घडीव लोखंडाचा आहे. आपल्या लोहारांनी लोखंड काढताना वापरलेल्या पद्धतीमुळं त्यात फॉस्फरसचं प्रमाण जास्त राहिलं आणि त्यामुळं पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर धरला गेला. आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी हे वर्षानुवर्षं अभ्यास करून मांडलं आहे. खरी गोष्ट त्या चमत्कारापेक्षा मोठी आहे, कारण तिच्यात माणसांचं कसब आहे. मिनाराच्या आत जाता का येत नाही, हेही विचारा. ३७९ पायऱ्या आहेत, पण १९८१ च्या डिसेंबरात आत दिवे गेले, चेंगराचेंगरी झाली आणि पंचेचाळीस माणसं मेली. त्यात बरीचशी शाळेची मुलं होती. तेव्हापासून वर जाणं बंद. हे न सांगता ‘मरम्मत चल रही है’ म्हणणारा गाइड मला चालत नाही.

आता मराठी माणसाच्या दिल्लीकडं येतो, कारण इथं तर आपली जास्तच फसवणूक होते. मराठी गिऱ्हाईक दिसलं की लाल किल्ल्याच्या दिवाण-ए-खासमध्ये ‘शिवाजी महाराज यहीं दरबार में आए थे’ असं ठोकून देणारे मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. आणि आपले लोक माना डोलवतात, डोळ्यांत पाणी आणतात. महाराज औरंगजेबापुढं उभे राहिले ते आग्र्याला, १२ मे १६६६ ला. दिल्लीचा लाल किल्ला तो नव्हेच. प्रत्येक मराठी पोराला शाळेत हे शिकवलेलं असतं, तरी त्या संगमरवरात कुणी टोकत नाही. टोका. मोठ्यानं टोका. चूक ऐकून गप्प बसण्यात कसली आली भक्ती?

त्याच दिवाण-ए-खासमध्ये आपला खरा इतिहास डोक्यावर आहे. वर बघा. आज दिसतं ते रंगवलेलं लाकडी छत आहे. मूळचं छत चांदीनं मढवलेलं होतं. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. यमुना दुथडी भरलेली, पलीकडं अब्दाली, अलीकडं एवढी मोठी फौज, बाजारबुणगे, यात्रेकरू आणि खजिना रिकामा. भाऊंनी त्या छताची चांदी उतरवून नाणी पाडली आणि सैन्याचे पगार भागवले. पुढं पाच-सहा महिन्यांत, १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. त्या छताखाली उभं राहून हे ऐकताना अभिमान आणि अस्वस्थता एकदमच येतात. येऊ द्याव्यात. गाइडनं ‘मराठों ने लूटा’ एवढंच म्हणून पुढं जाऊ नये आणि आपणही ‘असं काही झालंच नाही’ म्हणू नये. भुकेली फौज, पावसाळा आणि पैशाची ओढ एवढं सगळं सांगायला पाच मिनिटं लागतात. टूरमध्ये ती पाच मिनिटं हवीत.

आणि गोष्ट पानिपतावर थांबत नाही. दहा वर्षांत मराठे पुन्हा दिल्लीत होते. जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाह आलम त्यांच्या बंदोबस्तात आपल्या राजधानीत परतला. महादजी शिंद्यांना बादशहानं १७८४ मध्ये वकील-ए-मुतलक नेमलं, म्हणजे सगळा कारभार त्यांच्या हाती. १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिल्यानं किल्ल्यात शिरून त्या म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले, तेव्हा महादजींची फौज त्याच्यावर चालून गेली, किल्ला सोडवला आणि गुलाम कादिरला पकडून ठार केलं. तिथून पुढं लाल किल्ल्याची राखण शिंद्यांकडं. इंग्रजांनी दिल्ली मोगलांकडून घेतली असं आपण सहज म्हणून जातो. त्यांनी ती घेतली ११ सप्टेंबर १८०३ ला, यमुनेपलीकडं पटपडगंजच्या लढाईत दौलतराव शिंद्यांच्या फौजेला हरवून. जनरल लेक इंग्रजांचा सेनापती. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडातल्या गोल्फच्या मैदानात उभा आहे. दिल्लीतल्या किती टूरवाल्यांना हे माहीत असेल, मला शंका आहे. आपल्यालाच माहीत नसेल तर त्यांनी का शिकावं?

आणखी दोन गोष्टी सांगतो, मग थांबतो या विषयावर. उत्तर दिल्लीत रिज नावाच्या टेकडीवर, विद्यापीठाच्या बाजूला, हिंदुराव रुग्णालय नावाचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. दिल्लीकर रोज ते नाव घेतात. हिंदुराव म्हणजे कागलच्या घाटग्यांपैकी, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंचा भाऊ. दिल्लीचा इंग्रज कमिशनर विल्यम फ्रेझर १८३५ मध्ये मारला गेल्यावर टेकडीवरचं त्याचं घर हिंदुरावांनी घेतलं. १८५७ मध्ये दिल्लीला वेढा घालणाऱ्या इंग्रजांचं हे घर म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं ठाणं होतं. जवळच अशोकाचा एक स्तंभ आहे, फिरोजशहा तुघलकानं मेरठहून आणलेला, स्फोटात फुटलेला आणि नंतर तुकडे जोडून उभा केलेला. कोल्हापूरकडचा घाटगे, मौर्यांचा दगड आणि सत्तावनचा वेढा, हाकेच्या अंतरावर. कुठल्याही आठ ठिकाणांच्या पत्रकात ही जागा नाही.

तालकटोरा मात्र आपल्या लोकांना कळलं. २०२५ च्या फेब्रुवारीत अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन तिथल्या स्टेडियमवर झालं, ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या. १७३७ मध्ये पहिला बाजीराव थेट दिल्लीच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याची छावणी याच भागात होती, हे त्यानिमित्तानं पुष्कळांनी वाचलं. संमेलनाला आलेल्यांपैकी ज्यांनी संध्याकाळी अर्ध्या दिवसाची टूर घेतली, त्यांना ही छावणीची गोष्ट कुणी सांगितली का, हा माझा प्रश्न आहे.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या हातात आहे. दिल्लीत राजिंदरनगर, मुखर्जीनगर भागात यूपीएससीचा अभ्यास करणारी मराठी मुलं-मुली ढिगानं राहतात. त्यांच्यातल्या कित्येकांचा विषयच इतिहास. एका खोलीचं भाडं, मेसचं जेवण, क्लासची फी यांत आई-वडील मेटाकुटीला येतात. या मुलांपैकी ज्यांना आवड आहे त्यांना रीतसर प्रशिक्षण आणि परवाना मिळवून द्यायला महाराष्ट्र सरकारनं आणि दिल्लीतल्या मराठी संस्थांनी पुढं यावं. चारधाम, वैष्णोदेवी, काशी करून दिल्लीला एक दिवस थांबणारी मराठी कुटुंबं बारा महिने येतात. त्यांना मराठीत दिल्ली सांगणारा माणूस मिळेल आणि पोरांना सन्मानाचे चार पैसे. दिल्लीत याहून अवघड काम झालं आहे. सलाम बालक ट्रस्टनं पहाडगंजच्या गल्ल्यांतून फिरवणारी पदयात्रा चालवली आहे. तिचे गाइड म्हणजे कधीकाळी स्वतः रस्त्यावर राहिलेली मुलं. रेल्वे स्टेशनच्या आसपास मुलं कशी जगतात हे ती स्वतः सांगतात. जगभरचे लोक ते ऐकायला येतात. मग इतिहास शिकलेल्या आपल्या मुलांना लाल किल्ला सांगता येणार नाही, असं कोण म्हणेल?

आणि गाडी? जुन्या दिल्लीला गाडी हवीच कशाला? चांदनी चौकचा मुख्य रस्ता दिवसा मोटारींना बंद आहे. २०१७ पासून मेट्रोची ‘लाल किला’ आणि ‘जामा मस्जिद’ अशी स्टेशनंच आहेत, किल्ल्याच्या आणि मशिदीच्या दाराशी. गाइडला सकाळी स्टेशनवर बोलवा. लाल किल्ला बघा, जैन मंदिरातलं पाखरांचं रुग्णालय बघा, गुरु तेगबहादुरांना १६७५ मध्ये जिथं मारलं त्या सीसगंज गुरुद्वाऱ्यात डोकं टेकवा, बल्लीमारानच्या गल्ली कासिमजानमध्ये गालिबच्या हवेलीत दहा मिनिटं उभे राहा, खारी बावलीत मिरच्यांच्या पोत्यांमधून ठसकत बाहेर पडा. थकलेल्यांना सायकलरिक्षा आहे. चार तास भरले आणि एका शहराचा एक तुकडा नीट पाहून झाला. नवी दिल्ली बघायची तर सकाळ हुमायूनच्या मकबऱ्यात घालवा. उजाडताच उघडतो. ऊन कोवळं असतं, गर्दी नसते, आणि १८५७ च्या सप्टेंबरात बहादूरशहा जफर जिथं शरण आला ती जागा शांतपणे बघता येते. मग कर्तव्यपथ. कुतुब पुढच्या खेपेला. खेप झाली नाही तर नाही झाली. आठ ठिकाणी उतरून काहीच न बघण्यापेक्षा ते बरं.

ज्येष्ठांबरोबर गाडी लागतेच, तेही मान्य. आईला घेऊन मी मेट्रोचे जिने चढणार नाही. पण तेव्हासुद्धा गाइडशी बोलणं आधी आणि गाडीचं नंतर.

बुकिंग करताना फोनवर तीन गोष्टी विचारा. गाइडचं नाव आणि परवाना काय? त्याला तुम्ही किती देणार? वाटेत दुकान आहे का? तिसऱ्या प्रश्नाला ‘सर, वो तो ऑप्शनल है’ असं उत्तर आलं की फोन ठेवा आणि दुसरीकडं लावा. दिल्लीत गाइडांची वाण नाही.